जुईच्या नावे खत

केळ्याचं साल कुठे जातं, हा प्रश्न त्या घरात कुणाला कधी पडला नव्हता. साल डब्यात जातं, डबा दाराबाहेर जातो आणि थोड्या वेळाने रिकामा होऊन परत येतो. एवढ्या माहितीवर तीन शिकलेली माणसं सुखाने जगत होती. चौथं माणूस साडेतीन वर्षांचं होतं. एका जागी ठरत नाही म्हणून त्याला सगळे भिंगरी म्हणत, आणि त्या सकाळी ते चक्क एका जागी, रिकाम्या डब्यासमोर उकिडवं बसलं होतं.

“आई, माझं साल कुठे गेलं?”

“बाहेर गेलं.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

आईने मदतीसाठी नवऱ्याकडे पाहिलं. तो एक मोजा घालून दुसरा शोधत होता. “गाडीत बसून गेलं,” तो म्हणाला.

“गाडी कुठे गेली?”

“लांब.”

भिंगरीला लांबचं ठिकाण एकच माहीत होतं. आईची आई राहायची ते. त्यामुळे संध्याकाळी फोनवर तिने पहिलाच प्रश्न विचारला, “आजी, आमची सालं पोचली का?”

“कसली सालं गं राणी?”

“सगळी. केळ्याची, काकडीची, आणि अंड्याची पण.”

नातीचा मान राखायचा म्हणून आजी म्हणाली, “अजून नाही आली बाई. येतील.”

आजीने हे बोलायला नको होतं. त्यानंतर रोज संध्याकाळी चौकशी सुरू झाली. आठव्या दिवशी भिंगरीने फोन खाली ठेवला, ओठ काढला आणि म्हणाली, “हरवली सगळी. वाट चुकली त्यांची.”

इंजेक्शन दुखत नाही, चंद्र आपल्याच गाडीमागून येतो, गाजर खाल्लं की गाल गुलाबी होतात, असं बरंच काही आईने आजवर डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं होतं. पण आपलं साल कुठे जातं हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीबद्दल थाप मारणं तिच्या जिवावर आलं. ती खाली बसली, भिंगरीचं नाक पुसलं आणि बोलून गेली, “उद्यापासून आपली सालं कुठ्ठेच जाणार नाहीत. त्यांचं काय होतं ते मी तुला दाखवीन. शब्द.”

नवऱ्याने मान वर केली. “बाही?” त्याने एवढंच विचारलं.

हा शब्द त्या घरापुरता होता. भिंगरी पोटात असताना आईने एक स्वेटर विणायला घेतला होता. भिंगरी झाली, रांगली, पळायला लागली, तरी स्वेटरची एकच बाही विणून झाली होती. तेव्हापासून तिने हौसेने हाती घेतलेल्या आणि मधेच सोडलेल्या प्रत्येक गोष्टीला बाही म्हणायची पद्धत पडली. पेटीचा क्लास ही बाही. पहाटेचं फिरणं ही बाही. परदेशी भाषेचे तर ‘नमस्कार, माझा भाऊ डॉक्टर आहे’ इथवर दोन धडे झाले होते, आणि तिला भाऊ नव्हता.

“ही बाही नाही,” ती म्हणाली. “ही लेकीला दिलेली जबान आहे.”

माळ्यावर एक जुनं निळं पिंप होतं. त्याला हवा लागावी म्हणून भोकं पाडायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं. त्याने अठ्ठावीस भोकं पाडली. सत्तावीस पिंपाला आणि एक पिंपाखालच्या स्टुलाला. तळाशी एक छोटं दार कापलं, ते मात्र इतकं नीट बसलं की तो दिवसभर येता जाता ते उघडून बघत होता. आईने पुस्तकात वाचलं होतं: एक थर ओला, एक थर सुका. ओलं म्हणजे सालं, देठं, चहाचा चोथा. सुकं म्हणजे रस्त्यावरचा पाला आणि फाडलेले कागद. कागद फाडण्याचं खातं भिंगरीकडे गेलं. आजवर ज्या गोष्टीसाठी ओरडा खाल्ला तीच आता नेमून दिली जाते आहे, हे कळल्यावर तिने आईकडे असं पाहिलं की आईला आपण फार मोठ्या झाल्यासारखं वाटलं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “माझी हरकत नाही. पण एक अट आहे. घरात कचरा साठवून ठेवलाय हे बिल्डिंगमध्ये कुणाला कळता कामा नये. विचारलं तर मी सांगणार, जुनं पिंप आहे.”

तरी परवानगी घ्यावीच लागणार होती. कपडे आणि कुंड्या सोडून बाल्कनीत काहीही ठेवायचं तर सेक्रेटरीकाकांना अर्ज द्यायचा, असा नियम होता. सेक्रेटरीकाका बरोबर खालच्या मजल्यावर राहत. चौतीस वर्षं दस्तनोंदणीच्या कचेरीत काढून ते निवृत्त झाले होते आणि कचेरी त्यांच्यातून अजून निवृत्त झाली नव्हती. त्यांच्या लेखी खत म्हणजे खरेदीखत, गहाणखत, बक्षीसखत. खत करायचं म्हणजे स्टँपपेपर, अंगठा आणि दोन साक्षीदार. झाडांना घालतात तेही खतच, हे त्यांना माहीत असणारच, पण चौतीस वर्षांत त्याचं काम पडलं नव्हतं.

आईने भिंगरी दुपारी झोपल्यावर, तिच्या पायाशी बसून, सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला: ‘आमच्या बाल्कनीत घरातल्या घरात खत करण्याची माझी इच्छा आहे. सासूबाईंची हरकत नाही. पतीचाही सहभाग आहे. तीन महिन्यांत खत पूर्ण होईल. कृपया परवानगी द्यावी व याची वाच्यता करू नये ही विनंती.’

पाच दिवसांनी दाराखालून उलट टपाली पाच प्रश्न आले. खताचा प्रकार काय? लिहून देणार कोण? घेणार कोण? कोणता भाग समाविष्ट? उरलेल्या हिश्श्याचे काय?

आई भारावून गेली. आपल्या सालांची इतक्या खोलात जाऊन कुणी चौकशी करील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ‘अरे, किती जाणकार आहेत काका,’ असं नवऱ्याला सांगून तिने तितक्याच मन लावून उत्तरं दिली. प्रकार: मिश्र. देणार: घरातले सगळेच थोडं थोडं देऊ. घेणार: जुई. समाविष्ट: ओलं आणि सुकं दोन्ही. उरल्यास: शेजाऱ्यांना देऊ.

जुई म्हणजे बाल्कनीतल्या कोपऱ्यातल्या कुंडीतला वेल. पण हे उत्तरात लिहायचं कशाला? जुई जुईच असते.

काकांनी तो कागद तीनदा वाचला. ओलं आणि सुकं म्हणजे बाल्कनीतला कपडे धुण्याचा भाग आणि कोरडा भाग, हे त्यांना चटकन उमगलं. जुई कोण, ते काही उमगेना. वाच्यता करायची नव्हती म्हणून त्यांनी फक्त बायकोला विचारलं. काकूंनीही वाच्यता केली नाही. त्या सरळ वर आल्या, एक चादर हातात घेऊन.

“तुमच्या पिंपातून आमच्या चादरीवर काहीतरी टपकलंय,” त्या सासूबाईंना दारातच म्हणाल्या. चादरीवर चहासारखा तपकिरी डाग होता.

“जुनं पिंप आहे हो. गळतं,” सासूबाई म्हणाल्या. “द्या इकडे, धुऊन देते.”

“राहू द्या.” काकूंनी आवाज खाली आणला. “एक विचारू? तुमच्याकडे जुई आहे म्हणे.”

“आहे की. दोन वर्षं झाली.”

“दोन वर्षं? कळलंसुद्धा नाही आम्हाला.”

“कळणार कसं, कोपऱ्यात असते बिचारी. आमच्या ह्यानंच आणली, ऑफिसातून येताना.”

“ऑफिसातून.” काकूंनी जिन्याचा कठडा धरला. “आणि सुनेला चालतं?”

“अहो, तीच तर रोज तिला पाणी देते. परवा म्हणत होती, काय ते सगळं आता जुईला देणार. मी म्हटलं दे बाई, वाळत चाललीये नुसती.”

काकू चादर उराशी धरून खाली गेल्या. पुढच्या चार दिवसांत बिल्डिंगमध्ये कुणीही वाच्यता केली नाही, पण प्रत्येकजण आईशी फार हळुवार वागू लागला. समोरच्या शिवणकामवाल्या ताईंनी जिन्यात तिचा हात हातात घेतला. “पहिले काही महिने फार त्रास होतो. धीर सोडायचा नाही.”

“हो, मीही तसंच वाचलंय,” आई म्हणाली.

पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर फाटकात थांबले. “खरं सांगू? आमच्या चुलत्यांच्या घरीही असंच होतं. सुरुवातीला घाण वाटतं. मग सगळ्यांना सवय होते.”

“वास येत होता का?”

डॉक्टर गोंधळले. “वास ना, सगळ्या गावाला आला.”

आई घरी आली ती थक्क होऊनच. “आपण उगीच लपवतोय,” ती नवऱ्याला म्हणाली. “अरे, प्रत्येकाच्या घरात हे होऊन गेलंय. कुणी बोलत नाही इतकंच.” अशा थोर माणसांमध्ये राहून आपण आजवर डबा दाराबाहेर ठेवत होतो याची तिला लाज वाटली. नवऱ्यालाही बिल्डिंगमधले लोक अलीकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. पुरुष जरा आदराने, बायका अजिबात नाही. त्याला वाटलं, भोकं नीट पाडल्याची बातमी पसरली असावी.

पिंपात मात्र काही सरळ चाललं नव्हतं. आधी ते फार ओलं झालं आणि खरोखरच घाण वास सुटला. फोनवरच्या आजीने सांगितलं, आंबट दही घाला. सासूबाईंनी सांगितलं, दही मुळीच घालू नका, पाला घाला. पुस्तकाने सांगितलं, ढवळा. ढवळायला गेलं तर आत अळ्या. आई किंचाळली नाही, कारण कडेवर भिंगरी होती, आणि ती म्हणाली, “बाळं आहेत?”

“हो,” आई डोळे मिटून म्हणाली. “कुणाची तरी.”

दोनदा तिने मनातल्या मनात पिंप सोडून दिलं होतं. दोन्ही वेळा सकाळी भिंगरी उठल्याउठल्या पिंपाशी गेली आणि भोकाला डोळा लावून विचारती झाली, “झालं?” त्या प्रश्नात एवढासुद्धा संशय नव्हता. आई सांगते आहे म्हणजे होणार. इतका विश्वास आजवर तिच्यावर कुणी टाकला नव्हता. तिने स्वतःही नाही. मग ती निमूट उठायची, भिंगरीने फाडलेले कागद घालायची आणि ढवळायची.

आणि एका थंड सकाळी झाकण काढलं, तर पिंपातून वाफ आली.

आईने हात धरून पाहिला. गरम. चूल नाही, विजेची तार नाही, ऊनसुद्धा अजून बाल्कनीत उतरलं नव्हतं, आणि देठांचा नि सालांचा तो ढीग तापलेल्या पोराच्या कपाळासारखा कढत होता. तिने नवऱ्याला हाक मारली, नवऱ्याने सासूबाईंना. चौघं पिंपाभोवती उभी राहिली. सासूबाईंनी, कुणी झोपलंय असं वाटून बोलावं तशा आवाजात विचारलं, “ह्याला ताप आलाय का गं?”

“काम करताहेत ते आत,” आई म्हणाली. कोण ते, तिलाही सांगता येईना. वाचलेलं सगळं डोक्यातून गेलं होतं.

हे चाललं असताना दाराखालून आणखी एक पत्र आलं. त्यात काकांनी, जांभळ्या शाईचा शिक्का मारून, लिहिलं होतं की तीस दिवसांच्या मुदतीत जुई यांनी समक्ष हजर राहावे, न राहिल्यास अर्ज फेटाळून बाल्कनी त्याच दिवशी रिकामी करून घेण्यात येईल. हे पत्र घरात कुणी वाचलं नाही, कारण ते पहिल्यांदा भिंगरीच्या हाती लागलं, आणि कागदाचं खातं तिच्याकडे होतं. तिने ते फार सुबक फाडलं.

त्यामुळे एका रविवारी सकाळी अकराला बेल वाजली तेव्हा घरात वेगळीच गडबड होती. नव्वद दिवस झाले होते. आज तळाचं दार उघडायचं होतं. भिंगरीने त्यासाठी नवा फ्रॉक घातला होता. दारात काका उभे होते, काखेत फाईल. मागे काकू, आणि साक्षीदार म्हणून दातांचे डॉक्टर नि शिवणकामवाल्या ताई.

“मुदत संपली,” काका म्हणाले. “पत्राला उत्तर नाही.”

“कुठलं पत्र?” आई म्हणाली.

“वेळ काढू नका. नियमाप्रमाणे बाल्कनी आजच्या आज रिकामी करावी लागेल. पिंपासकट. तरी माणुसकी म्हणून एकदा विचारतो. जुईबाईंना बाहेर बोलवा.”

“ती बाहेरच असते,” नवरा म्हणाला.

“बाहेर? अशा थंडीत?” शिवणकामवाल्या ताईंच्या तोंडून गेलं.

“आत आणली तर मरते हो,” सासूबाई म्हणाल्या. “या ना, बघा.”

सगळे बाल्कनीत गेले. सासूबाईंनी कोपऱ्यातल्या कुंडीकडे हात केला. काठीला बांधलेला एक वीतभर उघडाबोडका वेल होता, त्याला अकरा पानं.

काकांनी फाईल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. खालून एक गाडी गेली.

“ही जुई?” काकू म्हणाल्या.

“हो.”

“ऑफिसातून आणलेली?”

“रोपं वाटत होते,” नवरा म्हणाला. “का?”

दातांच्या डॉक्टरांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. शिवणकामवाल्या ताईंनी नवऱ्याकडे पाहून माफीचा नमस्कार केला. तो का, हे त्याला पुढे आठवडाभर कळलं नाही. आईला मात्र एकेक करून सगळं कळत गेलं. पाच प्रश्न, जिन्यातला धीर, डॉक्टरांचे चुलते. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खताची थोर बिल्डिंग तिच्या डोळ्यांदेखत जमीनदोस्त झाली.

काकांची अवस्था त्याहून वाईट होती. चौतीस वर्षं ज्या माणसाने दस्तातला एक काना चुकू दिला नाही त्याने वेलाला समन्स काढलं होतं, आणि तेही साक्षीदारांसमोर. दुखावलेली अब्रू झाकायला नियमासारखं पांघरूण नाही. “अर्ज दिशाभूल करणारा आहे,” ते म्हणाले. “फेटाळला. पिंप आत्ता खाली गेलं पाहिजे. डॉक्टर, जरा त्या बाजूने धरा.”

आईला नवऱ्याचा तो एकच शब्द आठवला. बाही. ही पण बाही. शेवटच्या टाक्यावर येऊन.

“आई,” भिंगरी म्हणाली. मोठ्यांचं बोलणं तिच्या लेखी संपलं होतं. ती पिंपाच्या तळाशी फतकल मारून बसली होती. “आज दाखवणार होतीस.”

डॉक्टरांनी पिंपाला लावलेला हात काढून घेतला. काका म्हणाले, “दोन मिनिटं. मग उचला.”

आई खाली बसली. दार इतकं नीट बसलं होतं की एकदम उघडेना. मग उघडलं, आणि आतलं आपोआप थोडं पुढे घरंगळत आलं.

ते काळंभोर होतं. चहाच्या पुडीसारखं भुसभुशीत आणि किंचित ओलसर. त्यात साल नव्हतं, देठ नव्हतं, टरफल नव्हतं. सावलीतल्या पायवाटेवर, पानं बाजूला सारल्यावर येतो तो वास बाल्कनीभर झाला. आईने ओंजळ भरली. नव्वद दिवस तिने स्वतःच्या हाताने काय काय टाकलं होतं ते तिला ठाऊक होतं, आणि तरी हे कुठून आलं ते तिला कळेना.

काकू वाकल्या. शिवणकामवाल्या ताई वाकल्या. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला.

“हे तुमच्या कचऱ्याचं?” काकूंनी विचारलं.

सासूबाईंना आपली अट आठवली. पण त्यांची मान ताठ झाली होती. “आमच्याच,” त्या म्हणाल्या.

आईने वरचं झाकण काढलं. “काका, इथे हात धरा.”

काकांना नाही म्हणायचं होतं. पण पिंपातून वाफ येत होती. त्यांनी हात आत धरला आणि तो तसाच राहू दिला. थोड्या वेळाने, ढिगाच्या कडेला, त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं. टिकलीएवढा कागदाचा तुकडा. त्यावर जांभळ्या शाईची एक रेघ आणि काकांच्या वळणदार अक्षरातला एकच शब्द उरला होता: ‘हजर’.

“हे माझं पत्र आहे,” काका म्हणाले.

आईने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी म्हणाली, “मी फाडलं. बारीक बारीक.” त्यात शाबासकीची अपेक्षा होती.

“आणि बाकीचं पत्र?”

आईने पुन्हा ओंजळ भरून पुढे केली. “हे.”

काकांनी ती माती तळहातावर घेतली आणि चिमटीत चुरून पाहिली. “आमचा जन्म कागद टिकवण्यात गेला,” ते म्हणाले. “वाळवीपासून, ओलीपासून, उंदरांपासून. एक कागद गेला तर रात्र रात्र झोप नाही. कागद संपल्यावर पुढे काय होतं, हे बघायचं राहूनच गेलं.”

मग त्यांनी फाईल उघडली, एक कोरा कागद काढला आणि स्टुलावर ठेवून लिहायला बसले. स्टुलाच्या भोकात पेन दोनदा रुतलं, तरी लिहीत राहिले. पूर्वेस कपड्यांची दोरी, पश्चिमेस भिंत, दक्षिणेस कठडा, उत्तरेस दार, येणेप्रमाणे चतुःसीमा असलेल्या बाल्कनीत खत करण्यास कायमची परवानगी. देणार: घरातले सगळे. घेणार: जुई.

“आणि खालच्या मजल्याचा चहाचा चोथा,” काकू मागून म्हणाल्या. “तोही लिहा देणाऱ्यांत. चादर धुतली मी, डाग गेला. राग नाही.”

डॉक्टरांनी आणि ताईंनी सह्या केल्या. नवऱ्याने आईच्या कानाशी येऊन हळूच विचारलं, “दुसरी बाही कधी घेतेस?” तिने त्याच्या नाकाला मातीचं बोट लावलं.

भिंगरी मात्र अजून दारापाशीच होती. तिने दोन्ही हातांनी माती उकरली, बघितली, परत उकरली.

“आई, माझं साल?”

“हेच आहे ते.”

“हे?”

“हो.”

भिंगरीने तळहातावरच्या मातीकडे पाहिलं. तिच्यासारखी पोर इतका वेळ हलली नाही हे सासूबाईंच्याही लक्षात आलं. मग, सांडू नये म्हणून मूठ घट्ट आवळून, ती घरात पळाली आणि फोन लावून मागितला.

“आजी,” ती म्हणाली, “आता वाट बघू नकोस. ती गेलीच नव्हती. इथेच होती.”